शेरा : फक्त कार्यालयासाठी

सोमवार, ३ नोव्हेंबर
विश्रांतवाडीच्या वधू-वर सूचक मंडळाची वेबसाइट माझ्याकडे आली. सोळा तारखेच्या मेळाव्यात मोठ्या पडद्यावर दाखवायची. सर म्हणाले, हे नीट पार पाड, मग टीम लीडचं बोलू. म्हणजे झालंच. उद्यापासून रोज सहाला उठणे. फरसाण बंद.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
साडेआठला उठलो. थंडी.
काम किरकोळ आहे. डेटाबेसमधून स्थळांच्या ओळी काढायच्या, त्यांचं JSON करायचं, म्हणजे ब्राउझरला कळेल अशी यादी. मग पडद्यावर एकेका स्थळाचं कार्ड दिसतं. अक्षता (ज्युनिअर, अनुभव दीड वर्ष) म्हणाली, कुठले रकाने पाठवायचे त्यांची नावं लिहून देऊ या. मी समजावलं, असं मोजूनमापून काम कारकून करतात. माझं फंक्शन सढळ हाताचं आहे. टेबलात असेल ते सगळं JSON मध्ये, JSON मध्ये असेल ते सगळं कार्डावर. रिकामा रकाना तेवढा दिसत नाही. अकरा ओळींत खेळ खलास. ती नुसतं बरं म्हणाली. भारावली असावी.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
टेस्टिंगला खरा डेटा हवा, म्हणून स्वतःचंच स्थळ टाकलं. लग्नाची घाई आहे असं नव्हे. चौतीस हे काही वय नाही.
हुद्दा : टीम लीड. (सोळा तारखेनंतर पुन्हा बदलत कोण बसणार?)
उंची : पाच फूट आठ. बूट घालून, मान ताठ ठेवली की जवळपास तेवढी भरते.
पूर्णिमा म्हणून एक स्थळ आहे. येरवड्याला शाळेत शिकवते. अपेक्षा : वराची उंची किमान पाच-सात. योगायोग. आमची दोन कार्डं पडद्यावर शेजारी-शेजारी आणली. लेआउट तपासायला. तिचं कार्ड नऊ वेळा उघडलं. लोडिंग स्पीड उत्तम.

सोमवार, १० नोव्हेंबर
मंडळाच्या दीपमालाताईंचा फोन. त्या स्वतः चौकशी करून प्रत्येक स्थळापुढे रजिस्टरमध्ये शेरा लिहितात. तो कम्प्युटरवर घ्यायचाय, पण फक्त कार्यालयासाठी. दोन मिनिटांत टेबलात ‘शेरा’ रकाना घातला. फंक्शनमध्ये एक अक्षरही बदलावं लागलं नाही. याला दूरदृष्टी म्हणतात.
अक्षताला काहीतरी बोलायचं होतं. उद्या बोलू म्हटलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर
अक्षताचा मेल. विषय : शेरा, अर्जंट. मेळाव्यानंतर वाचणार. सध्या फोकस.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
आई चंद्रपूरहून आली. तिला टीम लीडचं फोनवरच सांगून टाकलं होतं. निघण्याआधी तिने कॉलनीभर पेढे वाटले म्हणे.
दुपारी फायनल टेस्टिंग. सगळी कार्डं चकाचक. शेरा कुठेच दिसत नाही, कारण अजून भरलेलाच नाही. दीपमालाताई उद्या रजिस्टर घेऊन बसणार आहेत. बसू देत.

रविवार, १६ नोव्हेंबर, संध्याकाळी ७
हॉल खचाखच. सर आले. आई पहिल्या रांगेत. बटण मी दाबलं.
एकही एरर नाही. हे आधी नोंदवून ठेवतो.
प्रत्येक कार्डाच्या तळाशी दीपमालाताईंचा शेरा. पगार सांगतो त्याच्या निम्मा. मुलगी हुशार, मामा भांडकुदळ. चहा विचारला नाही. लोक इतकं मन लावून वाचत होते की पंख्याचा आवाज येत होता. आमच्या कुठल्याही साइटला असा प्रतिसाद मिळालेला नाही. मग एक मामा उठून उभे राहिले.
बंद करण्याच्या गडबडीत पान खाली सरकलं. पूर्णिमाचं कार्ड आलं. शेरा : उंचीची अट वडिलांची. मुलीला उंचीचं काही नाही, खोटं बोलणारा नको. वाचून फार बरं वाटलं. म्हणजे आता अडचणच उरली नाही.
शेजारचं कार्ड माझं. शेरा : उंची पाच-पाच. टीम लीड नाही, ऑफिसात फोन करून विचारले. कोणास सुचवू नये.
आईने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अक्षताने येऊन प्रोजेक्टरची वायर काढली.

सोमवार, १७ नोव्हेंबर
अक्षता टीम लीड झाली. तिने सहा रकान्यांची नावं लिहिली. शेरा पडद्यावरून गेला. चार मिनिटांचं काम. सर मला म्हणाले, आपण जरा दमला आहात. पूर्वी अरे-तुरे करायचे.
आई सकाळच्या गाडीने गेली. कॉलनीत काय सांगू, एवढंच विचारलं. फार वाईट वाटलं. बूट काढून भिंतीशी उभा राहिलो, पेन्सिलने खूण केली. पाच-पाच. आणि थोडी.
हुद्दा आणि उंची दोन्ही दुरुस्त केलं. दीपमालाताईंना फोन करून म्हटलं, आता तो शेरा खोडा. त्या म्हणाल्या, अहो, आमच्याकडे खोडत नाहीत, खाली तारीख घालून नवा लिहितात. लगेच लिहिलाही.
काय लिहिला ते बघायला साइट उघडली. दिसेना. अक्षताला विचारलं. ती म्हणाली, फक्त कार्यालयासाठी आहे.