श्वास कुठे घ्यायचा, हे लिहायचं राहिलं

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (पाठीत उसण भरली आहे, त्यामुळे आठांपैकी दोन-तीन अंगांचाच नमस्कार तूर्त पाठवतो, बाकीचा भेटीअंती. उसण कशी भरली ते पुढे येईलच.) तुमची तब्येत कशी आहे? रक्तदाब, चष्मा, सकाळचं फिरणं, सगळं ठीकठाक ना? मामींनाही नमस्कार सांगा. आम्ही इकडे मजेत. ही दिवसभर दवाखान्यात लोकांचे दात काढते आणि संध्याकाळी घरी येऊन माझ्या खोड्या काढते. फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही दुसऱ्याच वाक्याला ‘बरं, ठेवतो’ म्हणता आणि मला मुद्द्यावर यायला चाळीस वाक्यं लागतात. म्हणून पत्र. तसं काम काहीच नाही, सहज लिहायला बसलो.

माझं पोट कॉम्प्युटरवर चालतं हे तुम्हाला माहीत आहेच. लिफ्टचं दार उघडताना वाजतं ते, बँकेत फोन लावल्यावर माणूस येईपर्यंत वाजतं ते, अशी सगळी सूरसेवा माझ्याकडे असते. (मागे एकदा गॅसवाल्यांच्या फोनवर इतका वेळ ताटकळलो, की हे संगीत रचणाऱ्याला शोधून काढून चार शब्द सुनवावेत असं वाटलं. चौथ्यांदा तीच सुरावट आली तेव्हा लक्षात आलं की ती माझीच.) पण फावल्या वेळात मी पूर्ण वाद्यवृंदासाठी एक मोठी रचना लिहीत होतो, आणि तुमच्या जुन्या वाद्यवृंदाने नव्या रचना मागवल्या तेव्हा तिचं कॉम्प्युटरवरचं रेकॉर्डिंग पाठवून दिलं. आलेल्या ढिगातून तीन रचना निवडल्या, त्यांत माझी एक! एका सकाळी वाद्यवृंद या तिन्ही रचना वाजवून बघणार, आणि त्यांतली एक हंगामाच्या शेवटच्या कार्यक्रमात, लोकांसमोर, होणार. आयुष्यभर लिफ्टची दारं उघडून दिलेल्या माणसाला याचं काय वाटलं असेल ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. मी दोन दिवस हिच्याशी शहाण्यासारखा वागलो.

आता माझ्या घरच्या वाद्यवृंदाविषयी. तो मागच्या खोलीत, कपडे वाळत घालायच्या घडीच्या स्टँडशेजारी राहतो. ऐंशी जणांचा ताफा, पण एकाला कधी चहा विचारावा लागला नाही. कुणी उशिरा येत नाही, कुणाचं शेजारच्याशी वाकडं नाही. बासरी ऐकू येत नसेल तर बोटाने वर ढकलायची, ट्रॉम्बोन डोक्यात जायला लागले तर खाली दाबायचे. यादीतून वाद्य निवडायचं, ते हजर. खर्जात काहीतरी जाडजूड, लाकडी, जरा दुःखी हवं होतं, तर यादीत बेस क्लॅरिनेट दिसलं आणि मी ते घेतलं. (आता हे वाद्य म्हणजे साध्या क्लॅरिनेटचा कमरेइतका उंच थोरला भाऊ, हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे फारच झालं. पण हे पत्र मी पाठवण्याआधी हिला वाचून दाखवतो आणि तिने मघाशीच विचारलं.) रचना तुम्हालाही पाठवली होती. तुम्ही ऐकलीत आणि ‘स्वच्छ आहे’ असं कळवलंत. मामा, मी त्या शब्दावर आठवडाभर विचार केला. सिंक स्वच्छ असतं, हिशेब स्वच्छ असतो, पण संगीत स्वच्छ आहे म्हणजे ते बरं आहे की नाही, हे काही केल्या ठरेना.

तर ती सकाळ. मी सभागृहात पोहोचलो तेव्हा वादक खुर्च्या सरकवत होते, कुणी रुमालाने वाद्याचं तोंड पुसत होतं, एक व्हायोलिनवाले आपल्या मुलीला फोनवर गणित समजावत होते. मला आधी याचंच नवल वाटलं की हे सगळे एकेकटे येतात. कुणी बसने, कुणी सर्दी घेऊन, कुणी घरी भांडून, आणि थोड्या वेळाने या सगळ्यांनी मिळून मी मागच्या खोलीत बनियनवर बसून कल्पिलेलं काहीतरी करायचं! मला पुढच्या रांगेत बसवलं. संचालकबाई नव्या आहेत, तुमच्या वेळच्या नव्हेत. बारीक चणीच्या, केस कापलेल्या, आणि बोलताना समोरच्याकडे अशा बघतात की त्याने आपण होऊन चूक कबूल करावी.

त्यांनी हात वर केला आणि पहिला स्वर आला. तो कुठून आला, हेच मला कळेना. घरी तो स्पीकरच्या दोन डब्यांतून येतो, एक कपाटाच्या डाव्या अंगाला, एक उजव्या. इथे तो जमिनीतून चपलेत आला, खुर्चीच्या पाठीतून आला, आणि एक व्हायोलिन किंचित आधी, एक किंचित मागून असं होत होत सगळे एकत्र आले, तो क्षण मला चक्क दिसला. मी मान वळवून मागे बघितलं, आणखी कुणी वाजवतंय का म्हणून. मामा, तुम्ही त्या आवाजाच्या आत बसून इतकी वर्षं काढलीत आणि घरी येऊन आम्हाला कधी सांगितलं नाहीत. तुम्ही यायचात आणि म्हणायचात, आज पंखा बंद होता.

हे कौतुक पहिल्या पानापुरतं टिकलं. दुसऱ्या पानावर माझी बासरी गायब झाली. ओठांची हालचाल दिसतेय, बोटं चालताहेत, पण ऐकू येतोय फक्त ट्रॉम्बोन. मी हात वर करून म्हटलं, बासरी जरा मोठ्याने होईल का? बासरीवाल्या मुलीने थंडपणे सांगितलं की हा तिच्या वाद्यातला सगळ्यात खालचा स्वर आहे आणि तो एवढाच येतो. मी पटकन टेबलावर बोट ठेवून वर ढकलायला गेलो. खरंच गेलो हो! टेबल नव्हतंच, शेजारच्या बाईंच्या पर्सवरून बोट फिरवलं. मग ट्रॉम्बोनना हळू वाजवायला सांगितलं, तेव्हा त्यांचे चेहरे लग्नात मागच्या पंगतीला बसवल्यासारखे झाले. पुढे रचना टिपेला पोहोचली आणि ऐन त्या ठिकाणी निम्मी व्हायोलिनं थांबली. काय झालं म्हणून बघतो तर दोघांत एक पान, आणि प्रत्येक जोडीतल्या एकाला त्याच वेळी ते उलटायचं होतं. घरच्या ऐंशी जणांनी आजवर एकदाही पान उलटलेलं नाही, त्यामुळे पानाला दोन बाजू असतात हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सगळ्यात कहर ढोलवाल्या काकांचा. मी त्यांना एका टोकाला मोठा ढोल आणि लगेच दुसऱ्या टोकाला घंटा दिली होती. त्यांनी नोटेशन वाचलं, दोन्ही वाद्यांमधलं अंतर डोळ्यांनी मोजलं आणि मला आदराने विचारलं, ‘धावायचं आहे का?’

आता मुख्य प्रकरण. खर्जातली ती लांब सुरावट आली, जिच्यावर माझी सगळी रचना उभी आहे, आणि त्या जागी काहीच वाजलं नाही. संचालकबाईंनी हात थांबवला. मागच्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. बेस क्लॅरिनेट कोण वाजवतंय, असं त्यांनी मला विचारलं. मला! मी सांगून टाकलं, मी ते यादीतून निवडलं. मग कळलं की तुम्ही निवृत्त झाल्यावर ती जागा कुणी भरलीच नाही. नोटेशनांचे गठ्ठे वाटणाऱ्या बाई तुमचा गठ्ठा सवयीने त्या खुर्चीवर ठेवून गेल्या होत्या. संचालकबाई म्हणाल्या, ‘मग आता तुम्हीच गा.’ मला वाटलं थट्टा करताहेत. त्या थट्टा करत नाहीत, असं शेजारच्या पर्सवाल्या बाईंनी हळूच सांगितलं.

गेलो. तुमच्या खुर्चीत बसलो. (ती खुर्ची तुम्ही एवढी खाली का ठेवली होती? माझे गुडघे कानाशी आले.) खर्ज लावला. पहिल्या काही स्वरांना चारदोन जणांनी हसू दाबलं, ते मला मागून दिसलं. पण सुरावट मीच लिहिलेली, त्यामुळे तोंडपाठ होती आणि मी रंगात आलो. मग श्वास संपत आला. आता थांबायची जागा येईल म्हणून पुढचं वाचतोय तर जागा नाही. पुढची ओळ, जागा नाही. पान उलटलं, तिथेही स्वराला स्वर चिकटलेला. मामा, मी तीन पानं लिहिली आणि माणसाला श्वास घ्यायला एक फट ठेवली नव्हती! कॉम्प्युटरने हे सगळं एका दमात शेकडो वेळा वाजवून दाखवलं आणि चकार शब्द काढला नाही. डोळ्यांपुढे काजवे चमकले, आवाज फाटला, तरी मी हट्टाने रेटत होतो.

आणि तेवढ्यात, माझा स्वर सुटायच्या आधी, तो कुणीतरी उचलला. समोरून चेलोच्या गजाचा स्वर आला, माझाच, माझ्याच उंचीवर, इतका हळू की मी थांबलोय हे कुणाला कळूच नये. मी श्वास घेतला. पुन्हा गायला लागलो तर चेलो तो स्वर माझ्या हातात देऊन मागे सरला. पुढच्या पानावर परत तेच. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, नोटेशनमध्ये तर नव्हतंच. पांढऱ्या अंबाड्याच्या त्या चेलोवाल्या बाई, तुमच्या वेळच्या. नंतर मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाल्या, तुमचे खांदे वर आले की. मी म्हटलं, पण इतकं अचूक? तर म्हणाल्या, सवय आहे. (कुणामुळे लागली ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.) मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या रडू आलं. सरळ सांगतो, आलं. ते लपवायला घाईने उठलो आणि पाठीत उसण भरली.

घरी येऊन मी प्रयोग सुरू केले. कॉम्प्युटरच्या वादकांना श्वास द्यावा म्हणून माझा श्वास रेकॉर्ड करून जागोजाग पेरला. हिने ऐकलं आणि म्हणाली, कुणीतरी सामान घेऊन चौथा मजला चढतंय. मग खुर्चीची करकर घातली, पानांची सळसळ घातली, एक खोकला घातला. (खोकला हिचा. तिने तो द्यायला फार भाव खाल्ला.) एवढं करून खोलीत तेवढा एक माणूस खोकला, बाकी वाद्यवृंद पूर्वीसारखाच बिनश्वासाचा. खरं सांगायचं तर बासरी अजूनही घरचीच स्पष्ट ऐकू येते, आणि ढोलवाल्यांना धावावं लागत नाही. एवढंच, की घरच्या ऐंशी जणांतल्या कुणाला माझे खांदे दिसत नाहीत. मी सगळ्या पानांवर श्वासाच्या खुणा घालून काढल्या, पानं उलटायच्या जागा बदलल्या, ढोल आणि घंटा शेजारी शेजारी आणली. ट्रॉम्बोनवाल्यांचं अजून काही सुचलेलं नाही.

निकाल परवा कळला. संचालकबाईंना माझीच रचना हवी आहे, पण एका अटीवर. बेस क्लॅरिनेट वाजवणारा माणूस मी आणायचा. ती सुरावट दुसऱ्या वाद्याला देऊन चालणार नाही, आणि मी गाऊन तर मुळीच चालणार नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. माणूस मिळाला नाही तर दुसऱ्या नंबरची रचना घेणार. ती पूर्ण तंतुवाद्यांची आहे, तिच्यात कुणाला श्वासच लागत नाही. असो. तुम्ही उभं आयुष्य या वाद्यावर काढलंत, म्हणून वाचून गंमत वाटेल, एवढ्याचसाठी लिहिलं. प्रकृतीला जपा. मोठ्यांना नमस्कार लिहावा तर तुमच्या घरात तुमच्याहून मोठं कुणी नाही, तेव्हा मघाचा उरलेला नमस्कार तुम्हीच ठेवून घ्या.

तुमचा भाचा

ता. क. तुमचं वाद्य अजून पलंगाखाली त्या लांब पेटीत आहे ना? त्याचं लाकूड तडकतं का हो, बरेच दिवस न वाजवल्यास? सहज विचारतोय.

ता. क. २. वाद्य मागतोय असं समजू नका. नुसतं वाद्य घेऊन मी काय करू? ते वाजवणारा या गावात तर नाहीच, आणि मी ज्याला-त्याला विचारलं तर प्रत्येकाने तुमचंच नाव सांगितलं. निवृत्तीच्या दिवशी ‘आता छातीत दम राहिला नाही’ म्हणून तुम्ही पेटी बंद केलीत, हे मला माहीत आहे. पण श्वासाच्या खुणा मी घातल्यात त्या माझ्या दमाच्या हिशेबाने नाहीत, चांगल्या सढळ हाताने घातल्या आहेत. शिवाय चेलोवाल्या बाईंनी निरोप दिलाय, शब्दशः कळवतो: ‘त्यांना म्हणावं, माझी सवय अजून मोडलेली नाही.’

ता. क. ३. संचालकबाईंना मी ‘मामा येताहेत’ असं सांगून टाकलं आहे. पहिली तालीम सोमवारी. रविवारच्या गाडीची दोन तिकिटं या पाकिटात आहेत. दुसरं मामींचं. त्यांनी काल हिला फोन केला होता. त्या भाजीला गेल्या की तुम्ही मागच्या खोलीचं दार लावून रोज वाजवता, हे त्यांना कधीपासून ठाऊक आहे. त्या भाजीला जातच नाहीत, मामा. पिशवी घेऊन जिन्यात उभ्या राहतात आणि तुमचं संपलं की वर येतात. त्यांचं म्हणणं एवढंच आहे, की एकदा तरी बसून ऐकायचंय.