सुलतानचा मालक

४ जानेवारी
माझं आयुष्य बदललं ते आज, जनावरांच्या दवाखान्यात, काउंटरमागून तिथली ती मुलगी म्हणाली, "याला घर हवंय हो," तेव्हा. याला म्हणजे कुणीतरी सोडून गेलेल्या तांबड्या सेटर कुत्र्याला. पण बघत होती माझ्याकडे. शेजारच्या काकूंची मांजर तिथेच विसरून कुत्रा घरी आणला. नाव सुलतान. कॉलेज सोडल्यानंतरचा पहिला ठाम निर्णय.
बाबा म्हणाले, "स्वतःचं अंथरूण उचलत नाहीस, त्याचं कोण करणार?" दिसेलच.

५ जानेवारी
तिच्या सूचना: दोन्ही वेळा मोकळं पळवायचं. रोज विंचरायचं, कानामागे गुंता होतो. ओरडायचं नाही, ही जात मनाला लावून घेते. उद्या पहाटेपासून सुरू.

६ जानेवारी, सकाळी साडेदहा
थंडी होती. सोमवारपासून.

१५ जानेवारी
बाबांना पहाटे झोप येत नाही, म्हणून तेच नेतात त्याला. मी हरकत घेतली नाही. शिस्त मात्र माझीच. आज "स्टे!" म्हणताच एक पाय उचलून, शेपूट ताठ करून पुतळ्यासारखा उभा. ताई म्हणते, कठड्यावर कबूतर होतं. जळते.

२३ जानेवारी
आई त्याला सोन्या म्हणते. सोन्या म्हटलं की धावतो, सुलतान म्हटलं की पलंगाखाली. परवा जरा जोरात बोललो. चप्पल फेकली, पण लागली नाही. तेव्हापासून जेवत नाही. नाटकं नुसती. माझ्या मनाला काय काय लागतं, मी सांगतो का कुणाला?

३० जानेवारी
कानामागचे केस गुंतून नमद्यासारखे घट्ट झाले. दवाखान्यात कापावे लागले. खालची कातडी लालभडक. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "लाज नाही वाटत? फणीला हात तरी लावलास का?" अरे-तुरेवर आली! माणूस रागावतो तो आपल्याच माणसावर.

८ फेब्रुवारी
जखम बघायला ती घरी येते. बाबांना विंचरायला शिकवलं. बाबा तिला "बाळ" म्हणतात, मला "अरे ए". असो. घरच्यांची मनं जुळताहेत.

१६ फेब्रुवारी
बोललो एकदाचं. जिन्यात. ती हसलीसुद्धा नाही. म्हणाली, "ज्या मुक्या जिवासाठी तुला सकाळी उठता आलं नाही, त्याच्यासाठी मी येते. तुझ्यासाठी नाही." मी म्हटलं, मग उद्यापासून येऊच नकोस, कुत्रा माझा आहे! आवाज चढला. ती शांतपणे म्हणाली, "काका म्हणाले तर येणार नाही."
काका म्हणजे माझे बाबा!

१७ फेब्रुवारी
घर सोडायचं ठरलं. कायमचं. सुलतानला घेऊन. मग कळेल सगळ्यांना.
बॅग भरली. आई म्हणाली, "जेवून जा." ताई म्हणाली, "चार्जर घे." कुणी जाऊ नको म्हणेना. पट्टा लावून ओढलं, तर सुलतान बाबांच्या पावलांवर हनुवटी टेकून जमिनीला चिकटला. मी ओरडलो. तो थरथरायला लागला. बाबा वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "तुला जायचं तर जा. पट्टा ठेव."
ठेवला. तो लगेच थरथरायचा थांबला.
हे बाहेर पायरीवर बसून लिहितोय. निघताना मागे वळून एकच हाक मारली, "सोन्या." पहिल्यांदाच. त्याने शेपूट हलवली. उठला नाही.
मी बाहेरून दार ओढून घेतलं.