डोळ्यांतला भार

४ ऑगस्ट

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोन केला की बाबा तुझ्या हातातून हिसकावून घेतात, म्हणून हे पत्र. इथून घरी जाताना आमच्या प्रयोगशाळेचा चष्मा घालून तू गाडी चालवलीस, त्याची नोंद पाहिली. डोक्यावरचा ताण वाढला की डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होतात. ड्रायव्हरांचा ताण आम्ही तसाच मोजतो. आई, तुझ्या बाहुल्या रस्ताभर मोठ्याच! मोकळ्या, सरळ रस्त्यावरसुद्धा.

बाबांना डॉक्टरांनी गाडी चालवायची बंदी केली, बसचा प्रवास तुझ्या कंबरेला झेपत नाही. नोंद चांगली आली तर माझ्या बाळंतपणाला तू गाडी घेऊन यायचं, असं ठरलं होतं. आता कुठल्या तोंडाने ये म्हणू? नको येऊस गं. लिहितानाच रडू येतंय.

रागावू नकोस, माया आहे तशीच राहू दे.
तुझी चिऊ

७ ऑगस्ट

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

अगं वेडाबाई, आधी डोळे पूस. त्या माझ्या बाहुल्या नव्हेतच! तुझा चष्मा माझ्या चष्म्यावर बसेना, नाक नुसतं चेपून गेलं. पहिल्याच वळणावर काढून ठेवला. हे म्हणाले, एवढं महागाचं यंत्र वाया कशाला घालवायचं, आण इकडे. घातला की थेट घरापर्यंत! वर आरशात स्वतःला बघूनही घेतलं. मला वाटलं यांनी तुला सांगितलं असेल, यांना वाटलं मी. आमचा संसार असाच चाललाय.

मी तर गाणं गुणगुणत चालवत होते. तुझं पत्र वाचून दाखवल्यापासून मात्र हे नुसते घरभर येरझाऱ्या घालताहेत. चहा गार झाला तरी तक्रार नाही. मला त्यांचीच काळजी वाटतेय.

वेळेवर जेव, आणि आईला अंतर देऊ नकोस.
तुझी आई

९ ऑगस्ट

चि. चिऊस,
आशीर्वाद.

तुझं यंत्र बरोबर आहे. ते असली चुगली करतं हे आधी सांगायचं होतंस.

तुझी आई गाडी उत्तम चालवते. तिला कळू देऊ नकोस, डोक्यावर बसेल. तिच्या चुका काढायलाच मी शेजारी बसलो होतो. एक सापडेल तर शपथ! नसलेला ब्रेक दाबून दाबून माझी पोटरी भरून आली. आजवर ती मला रस्ता विचारायची. त्या दिवशी न विचारता वळत गेली आणि घर आलं. सरळ रस्त्यावर मला एकच घोर लागला होता, की आता हिला माझी गरज काय उरली? असलं बोलायची मला सवय नाही. तिच्याशी बोललो नाही, तुला लिहितोय.

रविवारी निघायचं असं तिने आज जाहीर केलं. किल्ली मीच तिच्या हातात दिली आणि मलाही नेणार का, असं विचारलं. म्हणाली, तोंड मिटून मागे बसणार असाल तर या. मी कबूल झालो. थोड्या वेळाने स्वतःच येऊन म्हणाली, मागे नको, शेजारीच बसा, तुमच्याशिवाय मला एवढा रस्ता करमायचा नाही.

येतो आहोत. तोवर आम्हा दोघांवर लोभ असू दे.
तुझा बाबा