कोरं पत्र आणि गप्प पेटी

॥ श्री ॥

नेरूळ, नवी मुंबई
७ फेब्रुवारी १९९९

ती. सौ. शालनआत्यास,
प्रियदर्शिनीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. आबांनी वाचून दाखवलं, म्हणजे जेवढं त्यांना लागलं तेवढं. तुझं अक्षर अडलं की ते सरळ पुढच्या ओळीवर उडी मारतात. त्यामुळे तुमच्या मुख्याध्यापकबाईंना मामांनी बाजारात विकलं आणि म्हशीची कोरेगावला बदली झाली, असं मला कळलं. खरं काय ते पुढच्या पत्रात लिही, आणि जरा मोठ्या अक्षरात लिही.

आता मुद्द्याचं. आमच्या ऑफिसातला टेलिफोन बोर्ड मार्चअखेर बंद होतोय. नवीन यंत्र फोन आपोआप जोडणार, म्हणजे ऑपरेटर म्हणून मी काही उरत नाही. आम्हा सगळ्यांना कॉम्प्युटरच्या जागा देणार आहेत. पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर यंत्रात असलं की कामात मी कुणाला हार जात नाही, हे तुला ठाऊक आहे. पण नंदकुमार साहेबांनी पाचर मारून ठेवली आहे. ते म्हणतात की ही यंत्रं सारखी बिघडतात, मग आतलं सगळं पुसून विंडोज पहिल्यापासून भरावं लागतं. बाकीचे काय ते बघून घेतील, पण मी काय करणार? ते मला एकटीला जमलं तर जागा माझी, नाहीतर टपाल विभागात पाकिटं चिकटवायची. मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी परीक्षा घेणार आहेत. माणूस वाईट नाही, म्हणूनच जास्त राग येतो.

घोळ कुठे आहे ते सांगते. विंडोज म्हणजे यंत्राचा पाया. बोलणारं सॉफ्टवेअर त्या पायावर उभं राहतं. पाया भरून होईपर्यंत यंत्र मुकं. आणि नेमकं तेव्हाच ते पडद्यावर एकामागून एक प्रश्न विचारतं, हे हवं का, ते चालेल का, पुढे जाऊ का. आजवर वरच्या मजल्यावरची क्षिप्रा खाली येऊन भरून द्यायची आणि मी चहा करायची. ती नोकरीसाठी पुण्याला गेली.

काल घरच्या कॉम्प्युटरवर एकटीनंच बसून बघितलं. सीडी घातली, यंत्र गुरगुरलं, मग गप्प झालं. आता ते काम करतंय, की मला काही विचारतंय, की बंद पडलंय? वाट पाहिली. मग एंटर दाबलं, आणखी दाबलं. कुठल्या प्रश्नाला हो म्हणाले देव जाणे, पण तेव्हापासून तो कॉम्प्युटर नुसती पेटी झालाय. आबा म्हणतात की पडद्यावर निळं दिसतंय. निळं म्हणजे नेमकं काय विचारलं, तर म्हणाले, आभाळागत.

मला काही सुचत नाही, आत्या. तुला सुचलं तर कळव. मामांना नमस्कार. तुझी माया आहे तशी माझ्यामागे राहू दे.

तुझी,
प्रिया

॥ श्री ॥

रहिमतपूर
१४ फेब्रुवारी १९९९

चि. प्रिया हिस,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

म्हैस विकली आणि बाईंची बदली झाली. दादाला म्हणावं, आधी चष्म्याचा नंबर तपासून घे.

तुझं टाइप केलेलं पत्र मी दोनदा वाचलं, मामांनी एकदा, आणि दोघांच्याही डोक्यात उजेड पडला नाही. मामांचं म्हणणं की यंत्र बिघडलंय, वायरमन बोलवा. मी त्यांना सांगितलं की बिघडलेलं नाही, त्याला अजून बोलायला शिकवायचं आहे. त्यावर त्यांनी मला विचारलं की बोलायला शिकायच्या आधीच ते प्रश्न कसे विचारतं. याचं उत्तर तुला येतंय का? ज्यांनी ही यंत्रं केली त्यांना न दिसणारं माणूस कधी आठवलंच नाही, की आठवलं आणि तसेच पुढे गेले?

मला विचारशील तर हा नाद सोड. पगार तोच आहे ना? मग चिकटव पाकिटं. वहिनी गेल्यावर तुला मी इथे वाढवली. तुझा हट्ट मला माहीत आहे आणि हट्ट मोडल्यावर चार दिवस न जेवणंही माहीत आहे. जगात सगळ्यांचंच कुठे ना कुठे अडतं. मला सुईत दोरा ओवायला शेजारची पोरगी लागते, त्यात माझी काय अब्रू गेली? सुट्टी काढून इकडे ये. हुरडा संपला, पण हरभरा आहे.

दादाची तब्येत सांभाळ, मार्केटात आता फार ओझं उचलू देऊ नकोस. आठवण ठेव, आम्ही ठेवतोच.

तुझी,
शालनआत्या

॥ श्री ॥

रहिमतपूर
२७ फेब्रुवारी १९९९

चि. प्रिया हिस आशीर्वाद.

हा काय प्रकार आहे? काल तुझं पाकीट आलं. वर पत्ता दादाच्या हातचा, आत दोन पानं आणि दोन्ही कोरी! मी उलटीसुलटी करून बघितली, मामांनी उजेडात धरली. मामा म्हणाले की पोरगी रागावली आहे, अबोला धरलाय हे कळवायला कोरा कागद धाडलाय. शेजारच्या पुतळाबाई म्हणाल्या की मुंबईकडे याचा काही वेगळा अर्थ असेल. मी मात्र तुला फोन लावायला म्हणून चपला घातल्या, आणि पाकिटात पानं परत घालताना त्यांच्यावरून हात फिरला. कागद खरखरीत लागला.

मग शाळेतली मऊ पेन्सिल आणली आणि पोरं नाण्याचा छाप उठवतात तशी पानावर आडवी घासली. काळ्यातून तुझी पांढरी अक्षरं वर आली. अगं, टाइपरायटरची फीत कागदाला लागलीच नाही. दोन पानं भरून तू नुसते कोरडे खिळे आपटत होतीस.

सगळं लागलं नाही. पण एक ओळ स्वच्छ उठली आहे. आत्या, तुला माझा पगार दिसतो, मी दिसत नाही, अशी. आणि खाली लिहिलं आहेस की सोमवारी साहेबांना सांगून टाकते, पाकिटांचीच जागा द्या.

ते वाचून मी बराच वेळ पायरीवर बसून राहिले. वाईट वाटलं आणि तुझा रागही आला. कशाचं पारडं जड ते अजून ठरत नाही. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून मी तसं लिहिलं होतं. पण तुला ते तसं लागलं नसेल तर माझंच सांगणं चुकलं. साहेबांना सांगितलंस का? नसशील तर मुळीच सांगू नकोस.

आणखी एक. मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, तरी लिहिते. टाइपरायटर वाजत होता म्हणून तुला वाटलं की लिहून होतंय, आणि ते होत नव्हतं. मग दुसरं यंत्र बोलत नाही म्हणून तिथे काय चाललंय हे कळणारच नाही, असं कशावरून? लहानपणी माझ्या चुलीशी बसून तू भाकरी भाजायचीस. फुगली की नाही हे तुला कुणी सांगायचं नाही, तव्याजवळ कान नेऊन तूच ओळखायचीस. तुझ्या त्या पेटीला कसलाच आवाज नाही का?

उत्तर लगेच पाठव, आणि यावेळी शाईत. रागावलीस तरी आमचीच आहेस.

तुझी,
शालनआत्या

॥ श्री ॥

नेरूळ
७ मार्च १९९९

ती. सौ. आत्यास,
प्रियाचा शि. सा. न. वि. वि., यावेळी जरा जास्तच वाकून.

तुझं पत्र आबा वाचत होते. ती ओळ आली आणि ते थांबले. मग उठून पाणी प्यायले आणि पुढचं वाचलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लिहिलं ते खरं वाटलं म्हणूनच लिहिलं होतं, पण तू ते पेन्सिल घासून वाचावंस असं नव्हतं गं.

कोऱ्या पानांचा उलगडा झाला. टाइपरायटरला एक लहानसा खटका असतो. त्याचे तीन टप्पे, काळ्या शाईचा, लाल शाईचा, आणि तिसरा स्टेन्सिल, म्हणजे प्रती काढायचा मेणकागद, कापायचा. तिसऱ्यावर ठेवला की फीत मध्ये येत नाही. आबांनी मायेनं धूळ पुसताना तो सरकवून ठेवला. बोटांना नि कानांना काही फरक कळला नाही. पाकीट मीच बंद करून त्यांच्याकडे पत्त्याला दिलं, त्यामुळे त्यांनीही आत पाहिलं नाही. रागानं एवढं बडवलं नसतं तर तुला काही वाचताच आलं नसतं.

साहेबांना सांगायला सोमवारी गेले होते. ते रजेवर होते. मंगळवारी धीर झाला नाही. त्यानंतर तुझं पत्र आलं.

पेटीला आवाज आहेत! काम चालू असलं की आत चणे भाजल्यासारखं करकरतं. प्रश्न पडद्यावर आला की करकर थांबते. म्हणजे गप्प झालं की ते माझ्या उत्तराची वाट बघतंय. पण विचारतंय काय? त्यासाठी आबांना पडद्यासमोर बसवलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण मार्केटात गोणीवरचा मार्का वाचायची सवय आहे, तसं एकेक अक्षर सांगतात आणि मी शब्द जुळवते. मध्येच अक्षरं सोडून सांगतात की खाली एक पट्टी भरत चाललीया, घाटात टेंपो चढतो तशी. त्यांना दिसतं पण कळत नाही, मला कळतं पण दिसत नाही, आणि दोघं मिळून एका पेटीवर ओरडतो. सोसायटीत लोकांना वाटत असेल की आमच्याकडे भांडणं चाललीत.

प्रश्नांचा क्रम आता पाठ होत आलाय. पण डोकं फिरतं. एकदा सगळं नीट झालं, यंत्र बोललं, आम्ही शिरा केला. दुसऱ्या दिवशी तसंच्या तसं केलं तर मुकंच. का, ते आजतागायत कळलं नाही. परीक्षेच्या शुक्रवारी आबाही जवळ नसणार. टेन्शन आलंय.

माझं मनाला लावून घेऊ नकोस आणि मायाही कमी करू नकोस.

तुझी,
प्रिया

रहिमतपूर
१६ मार्च १९९९

चि. प्रियास आशीर्वाद.

कार्डावर मावेल तेवढंच. शुक्रवारी तुझ्यासाठी उपास धरणार नाही, मला भूक सहन होत नाही. पण शाळेत मुलांना गणितं घालून दिवसभर तुझाच विचार करेन. जागा मिळो न मिळो, मला तू दिसतेस, हे शाईत लिहिते आहे. मामा विचारतात की ते यंत्र पहिल्यांदा बोललं तेव्हा काय म्हणालं. कळव.

शालनआत्या

॥ श्री ॥

नेरूळ
२८ मार्च १९९९

ती. सौ. आत्यास,
प्रियाचा शि. सा. न. वि. वि.

झालं एकदाचं! आता पहिल्यापासून ऐक.

साहेबांनी यंत्र पुसून ठेवलं होतं. ते आणि निम्मं ऑफिस माझ्या मागे उभं. कुणी काही सांगायचं नाही असा नियम. मी सीडी घातली, कान लावला, आणि मला काहीच ऐकू येईना. डोक्यावर एसी घरघरत होता. घरी मी पंखा बंद करून शिकले होते. ऑफिसात एसी असतो, त्याच्याखाली मी रोज बसते, तरी हे मला एकदाही सुचलं नव्हतं. करकर चालू आहे की थांबली, पत्ता नाही. मागे कुणीतरी खोकलं, तो मला इशारा वाटला, पण कशाचा ते कळेना.

शेवटी साहेबांना म्हणाले की एसी बंद करा. त्यांनी विचारलं की एसीचा आणि विंडोजचा काय संबंध. मी सांगितलं की आधी बंद करा, संबंध मग सांगते. सगळे फायलींनी वारा घेत उभे राहिले. तळवा पेटीवर ठेवला, कान जवळ नेला, आणि चणे भाजल्याचा आवाज आला. मग एकेक प्रश्न आणि माझं एकेक उत्तर.

एके ठिकाणी ते घरी कधीच थांबलं नव्हतं तिथे थांबलं. नवीन प्रश्न, की बंद पडलं? बोट एंटरवर गेलं होतं. घरी पहिल्या वेळी असंच दाबत सुटले होते ते आठवलं आणि हात मांडीवर घेतला. सगळे गप्प, पेटी गप्प, मी गप्प. इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं. मग आपणहून करकर सुरू झाली. ते काही विचारत नव्हतं, नुसतं दमलं होतं.

शेवटी बोलणारं सॉफ्टवेअर भरलं आणि यंत्र बोललं. मामांना सांग, ते नाकात बोलणाऱ्या गोऱ्या साहेबासारखं इंग्रजीत काहीतरी पुटपुटलं. काय म्हणालं ते मला ऐकूच आलं नाही, कारण मी रडत होते. साहेबांनी तिथेच सांगितलं की जागा माझी.

पण खरी गंमत नंतर चहाला कळली. आमच्या ऑफिसात विंडोज कुणालाच भरता येत नाही. यंत्र बिघडलं की वाशीहून माणूस येतो, साहेबांचंही तोच भरून देतो. परीक्षा फक्त माझी होती. मी साहेबांना विचारलं, तर म्हणाले की हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दुसरा चहा मागितला, आणि तो त्यांनी स्वतः आणून दिला. तू विचारलं होतंस ना, आठवलंच नाही की आठवून पुढे गेले? मला अजून सांगता येत नाही.

आबांनी आज मार्केटातून कलिंगड आणलंय. ते आता माझ्या शेजारी बसून पडद्यावरची अक्षरं कारण नसताना मोठ्यानं वाचतायत.

लिहायला बसण्याआधी खटका चाचपून बघितला, काळ्यावर आहे. तरी आता माझा कुठल्याच यंत्रावर पुरता भरवसा नाही. पत्र कोरं आलंच तर घाबरू नकोस, पेन्सिल घे. याही वेळी जोरातच बडवलंय, पण रागानं नाही.

तुझ्या मायेत राहू दे.

तुझी,
प्रिया