गॉर्डन मागून येतो आहे

मरी, ३ मार्च १९९२

ती. मर्लआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

इथवर सुखरूप आले. बाबांच्या पिकअपने कुरकुर केली नाही. डांबरी रस्ता संपून वाळवंटातली कच्ची वाट लागल्यावर टायरमधली हवा कमी केली, चाकांचे नट पुन्हा आवळले. परवा विल्यम क्रीककडे निघेन. मध्ये दोन मुक्काम उघड्यावर करायचा विचार आहे.

तू बजावलंस तसा नवरा तयार केला. कुणी चौकशी केली तर नवरा मागून येतोय म्हणून सांग, एवढंच तू म्हणाली होतीस. मला ते मोघम वाटलं, आणि मोघम सांगितलं की लोक आणखी विचारतात. म्हणून त्याचं नाव गॉर्डन ठेवलं, त्याला पांढरी लँडक्रूझर दिली आणि गिअरबॉक्सच्या दुरुस्तीसाठी पोर्ट ऑगस्टाला तुझ्याकडे ठेवला. दुरुस्ती झाली की तो निघेल. हॉटेलात सगळ्यांना ते पटलं.

एका म्हाताऱ्याला मात्र नाही. व्हर्न ट्रेगिल्गस. पूर्वी याच रस्त्यावर माती सपाट करणारा ग्रेडर चालवायचा. आता निवृत्त असून लाल गाडीतून इकडेतिकडे हिंडतो. गॉर्डन या रस्त्याने पूर्वी गेलाय का, पाणी किती घेतलंय, स्टेपनी एक की दोन, असं तो विचारत राहिला. परक्या बाईच्या नवऱ्याची एवढी काळजी कुणाला असते? नवरा आहे की नाही, हेच त्याला बघायचं असावं. मी उत्तरं दिली. सगळी पाठ करून ठेवली आहेत, म्हणजे पुढे फरक पडायचा नाही.

माझी काळजी करू नकोस, पण आठवण असू दे.

तुझी,
टॅमसिन

पोर्ट ऑगस्टा, ५ मार्च

चि. टॅमसिन हिस,
अनेक आशीर्वाद.

भाचजावई माझ्याकडे उतरलाय हे तुझ्या पत्रातून कळलं. बिचारा शांत आहे, जेवणाची कटकट नाही, भांडी मात्र विसळत नाही. शेजारच्या बेरिलला मी हे सांगितलं, तर ती म्हणाली की असाच तिलाही एक पाठवून दे.

पण त्या म्हाताऱ्याचं मला काही ठीक दिसत नाही. स्टेपनी मोजणारा माणूस साधा नसतो. तुझा बाप असता तर त्याने त्याला चार शब्द सुनावले असते. तू सुनावू नकोस, लांब राहा. आणि काही झालं तरी गॉर्डनला सोडू नकोस. हे पत्र टपालाच्या विमानाने विल्यम क्रीकला टाकते आहे.

पोचलीस की चार ओळी लिही. इथे जीव टांगणीला आहे.

तुझी,
मर्लआत्या

विल्यम क्रीक, ७ मार्च

ती. मर्लआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुझा संशय खरा ठरतोय असं दिसतं.

काल दिवसभर माझ्या मागे धुरळा होता. मी वेग कमी केला की तोही कमी व्हायचा. धुरळ्यात जायला नको म्हणून लोक मागे राहतात, हे मला ठाऊक आहे; पण मी चहाला थांबले तेव्हा तोही लांब थांबला. सकाळी माझ्या मुक्कामापासून थोड्या अंतरावर पुढे गेलेल्या चाकांच्या ताज्या खुणा दिसल्या. आणि आज इथल्या हॉटेलात शिरले, तर व्हर्न काउंटरपाशी बसून मटणाचं पॅटिस खात होता. मला बघून त्याने पहिला प्रश्न विचारला की नवरा अजून आला नाही का.

हॉटेलवाली नोरीन त्याला हसली. म्हणाली की म्हाताऱ्या, तुझं स्वतःचं लग्न टिकलं नाही, आता दुसऱ्यांची मोजतोस होय. तो हसला नाही. उत्तरेला ढग भरलेत आणि पाऊस आला की नाले अर्ध्या तासात चढतात, तेव्हा त्या पोराने यायचंच तर आज यावं, असं म्हणाला.

मी खोलीच्या दाराला खुर्ची लावते आणि उशाशी मोठा पाना ठेवते. तू मात्र गॉर्डनला जेवू घालत राहा.

तुझी,
टॅमसिन

विल्यम क्रीक, १२ मार्च

ती. मर्लआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पावसानंतर विमान आज पहिल्यांदा उतरलं, म्हणून पत्राला उशीर. मी ठीक आहे. पुढचं जसं घडलं तसं लिहिते.

पाऊस आला आणि रस्ता दोन्ही बाजूंनी बंद झाला. फोनही गेला. अशा वेळी इथे कोण कुठून निघालंय आणि कोण पोचलंय याचा हिशेब प्रत्येक ठिकाणाहून रेडिओवर घेतात. सगळ्यांचा लागला, गॉर्डनचा लागला नाही. नोरीनने मला काउंटरवर सरळ विचारलं की तो पोर्ट ऑगस्टाहून नक्की निघालाय का. व्हर्न शेजारीच बसला होता. त्याच्यासमोर मी एकटी आहे हे कबूल करणं मला धोक्याचं वाटलं. मी हो म्हणाले. कधी, असं तिने विचारलं. पाठ केलेलं होतंच. तेही सांगितलं.

सकाळी लाल गाडी नव्हती. मला आधी हायसं वाटलं. मग नोरीनने सांगितलं की व्हर्न गॉर्डनला शोधायला गेलाय. मरीकडच्या टप्प्यात नाला कुठे फसवतो हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नाही, म्हणून कुणाचं न ऐकता गेला. आणि आता त्याचा रेडिओ उत्तर देत नव्हता.

मी तिथल्या तिथे खरं सांगितलं. नोरीनने रेडिओचा माइक खाली ठेवला. मग म्हणाली की बाई गं, भीती वाटत होती तर कडीची खोली मागायची होतीस, दिली असती. तिच्याकडूनच कळलं की मरीच्या हॉटेलवालीने व्हर्नला मुद्दाम सांगितलं होतं की पोरगी एकटी पुढे चाललीय, नवरा येईपर्यंत जरा नजर ठेव. म्हणून मागचा तो धुरळा. मग तिने मला रेडिओपुढे बसवलं आणि सगळ्यांना मलाच सांगायला लावलं: शोधायचं आहे ते एका माणसाला, दोघांना नाही. नाव व्हर्न ट्रेगिल्गस, गाडी लाल.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका वाडीचं गुरं हाकायचं हेलिकॉप्टर त्याला घेऊन आलं. गाडी नाल्यात आडवी झाली होती आणि तो टपावर बसून होता. वैमानिक म्हणाला की त्याच्याजवळ दोर, चहाचा थर्मास आणि दोन मग होते.

मी त्याच्या खाटेशी गेले. त्याने आधी हेच विचारलं की पोरगा सापडला का. त्याला काय म्हणायचंय ते समजायला मला त्याच्या तोंडाजवळ कान न्यावा लागला. मी सांगितलं की गॉर्डन नाही, कधीच नव्हता, मी बनवला. तो शिव्या देईल म्हणून मी तयार होते. त्याने एवढंच पुन्हा विचारलं की म्हणजे तिथे पाण्यात कुणीच नाही? मी म्हटलं, कुणीच नाही. मग त्याने डोळे मिटले आणि देवाचे आभार मानले.

त्याला ताप आहे, पण जिवाला धोका नाही. आवाज मात्र पार गेलाय. रात्रभर टपावरून तो गॉर्डनला हाका मारत होता.

रस्ता उघडेपर्यंत इथेच आहे. लोभ थोडा कमी झाला असेल तर बोलणार नाही. उरला असेल तेवढा असू दे.

तुझी,
टॅमसिन