रिलेतून बाद

गुरुवार, संध्याकाळ. धारूर.

दूध संघाच्या टीव्हीवर भारताच्या पोरींची रिले पाहिली. तिसरीच्या हातून बॅटन पडलं, ते उचलेपर्यंत संघ मागे पडला. शेवटी माझी भाची सविता दोघींना मागे टाकून गेली, तरी संघ फायनलच्या आधीच बाद. भाऊ पडद्याकडे नाही, शेजारी बसलेल्या ऊसतोडीच्या मुकादमाकडे बघत होता. यंदा पाऊस नाही. सगळे ऊसतोडीला जाणार, आणि तिथे नवरा-बायकोची जोडी लागते. फायनल हुकली तर सविताचं लग्न, हे त्यानं आधीच ठरवलेलं.

मुकादम म्हणाला, "पोरगी मोकळी झाली की. लावू जोडी."

भाऊ हसला. का हसला? सविता पळत होती तेव्हा तरी पडद्याकडे बघायचं.

मग तिचाच फोन. "आत्या, बाबा काय म्हणले?"

"लई चांगली पळालीस म्हणले."

"मग आई फोनवर रडायली कावून?"