आठ फुटांची टाकी

१४ नोव्हेंबर
धाराशिवच्या नव्या घरात काय कुठं ठेवायचं ते आज ठरलं. हॉलची सगळी लांब भिंत माशांच्या टाकीला. आठ फूट! माझ्या शिलाई मशीनला जिन्याखालची जागा. "तिथं उजेड न्हाय," मी म्हटलं. प्रसेनजित म्हणाले, "बल्ब लावू की." टाकीला मात्र वेगळा इन्व्हर्टर, फरशीखाली जादा काँक्रीट.

टाकीचं वेड मुळात वृषालीचं — यांच्या पहिल्या बायकोचं. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. समुद्रापासून इतक्या लांब, इथं कळंबात, तिनं चार फुटी काचेत खाऱ्या पाण्यात जिवंत कोरल, म्हणजे समुद्रातलं प्रवाळ, वाढवलं. तिला जाऊन पाच वर्षं झाली. कोरल वाढतंयच.

३० नोव्हेंबर
तेरहून प्रेमाबाई आल्या होत्या. वृषालीची आई. दर महिन्याला एसटीनं येतात, आधी टाकीपुढं बसतात. "लेकीच्या हातचं हाय," म्हणतात. कोरलाच्या जांभळ्या फांदीशी हळूच बोलतात. मी चहा घेऊन मागं उभी.

त्यांचा राग येत नाही. तिचा येतो. मेलेल्या बाईवर जळते मी — हे सांगू कुणाला?

१२ डिसेंबर
नव्या टाकीत पाणी भरलं. महिनाभर ते तसंच फिरत ठेवायचं, मग त्यात मासे-कोरल सोडायचे. रोज ऑफिस सुटलं की हे परस्पर धाराशिवला. काल माझा वाढदिवस होता. काल पण तिकडंच.

१८ जानेवारी, रविवार
सामान हललं. टाकी तयार ठेवायला प्रसेनजित मोटारसायकलवर पुढं गेले. मी टेम्पोत, मासे-कोरलांचे टब पायाशी. "हवेचा पंप बंद पडू देऊ नको." चार वेळा सांगितलं. मला पाणी घे, नीट बस — एकदाही नाही.

येरमाळ्याच्या पुढं पंपाची घरघर थांबली. मला ऐकू आलं. जादा सेल पर्समध्येच होते. मी खिडकीतून तुरीची रानं बघत बसले. अर्धा तास तरी. लिहायला लाज वाटते, पण बरं वाटत होतं.

मग एक मासा वर आला, तोंड उघडत-मिटत. मी घाईनं पर्स उघडली. सेल बदलले.

१९ जानेवारी
मासे जगले. जांभळी फांदी पांढरी पडली, मेली.

२५ जानेवारी
राहवलं नाही. यांना सांगून टाकलं सगळं. वाटलं, ओरडतील. ते टाकीपुढं खालीच बसले.

"वृषालीचं ह्यात काहीच न्हाय, गौरी. ती दवाखान्यात होती तेव्हाच सगळं मेलं. बघायला कोण होतं? हे मी पुण्याहून आणलं. प्रेमाबाई येणार होत्या, रिकामी काच कशी दाखवायची? मग मलाच नाद लागला."

"मला का न्हाय सांगितलं?"

"तुझ्या तोंडून चुकून निघालं असतं त्यांच्यापुढं."

लग्न झाल्यापासून तीन वर्षं मी ज्या कोरलांवर जळले, ती वृषालीनं पाहिलीसुद्धा नव्हती. त्या फांदीसारखी दुसरी फांदी मिळते का, ते आता दोघं मिळून शोधतोय.

१ फेब्रुवारी
प्रेमाबाई नव्या घरी आल्या. आम्ही शोधून आणलेली नवी फांदी बघितली. मागनं स्वयंपाकघरात माझा हात धरला. "जावयाला सांगू नको, बाई. टाकीत लेकीचं काही उरलं न्हाय, हे मला पहिल्याच वर्षी कळलंय."

"मग दर महिन्याला एवढ्या लांब…?"

"ते कोरल बघायला मला बोलवतात म्हणून येते. न्हायतर ह्या घरी मी कोण?"